ऑस्टिनमधलं लोडशेडिंग

सांगली जिल्ह्यात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला वीज जाण्याचं अप्रूप नसतं. २००५ नंतरची काही वर्षं तर आमच्याकडे वीज येण्याचं अप्रूप होतं. पेपरात वेळापत्रक छापून यायचं, दळण, इस्त्री, पाण्याची मोटर सगळं त्या हिशोबाने चालायचं आणि शेताला रात्रपाळीची वीज असली की घरातला कर्ता पुरुष बॅटरी घेऊन रानात. त्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासचं ग्रिड, म्हणजे राज्यभराचं विजेचं जाळं, कोलमडलं, तेव्हा ऑस्टिनमधल्या आमच्या घरातली मोठी माणसं पहिले काही तास अगदी निवांत होती. वीज गेली की काय करायचं ते आम्हाला पाठ होतं. विजेशिवाय एक दिवसही न निभावणाऱ्या घरात काय करायचं, हे मात्र तेव्हा शिकायला लागलं.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. आई मूळच्या तासगावच्या. २०२०च्या जानेवारीत सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि कोविडमुळे इथेच अडकल्या. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू. लशीचा पहिला डोस झाला होता, दुसरा नेमका त्याच आठवड्यात होता. तो अर्थातच रद्द झाला.

थंडीचा अंदाज आठवडाभर आधीपासून होता. ११ तारखेला फोर्ट वर्थमध्ये बर्फाने गुळगुळीत झालेल्या हायवेवर शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली. तेव्हापासून सगळे धास्तावले होते. दुकानांतले ब्रेडचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे रॅक रिकामे. आम्ही बाहेरच्या नळांना फोमची टोपरी घातली, आतले नळ बारीक धारेने चालू ठेवले, सिंकखालची कपाटं उघडी टाकली. इथल्या घरांत पाण्याच्या नळ्या बऱ्याचदा माळ्यावरून, छपराखालून नेलेल्या असतात. मिशिगन-मिनेसोटात असं कुणी करणार नाही, पण टेक्सासची घरं उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेली. बेचाळीस अंशांत घर गार कसं राहील एवढाच विचार.

आईंची तयारी वेगळीच. पाणी गोठू शकतं एवढं त्यांनी ऐकलं आणि रविवारी दुपारी भांडी भरायला घेतली. दोन्ही बाथटब, कुकर, इडलीपात्राचं मोठं पातेलं, लेकीची वाळूत खेळायची बादली, फ्लॉवरपॉटसुद्धा. मी म्हटलं, "आई, नळाला चोवीस तास पाणी आहे इथे." त्यांनी वर न बघताच विचारलं, "नळाला कोण पाठवतंय पण?" तासगावकडची बाई. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावलेली. तिच्याशी पाण्यावरून वाद घालू नये.

रविवारी संध्याकाळी बर्फ पडायला लागला. ऑस्टिनमध्ये सहा इंचांच्या वर पडला, असा या पोरांनी जन्मात पाहिलेला नव्हता. लेक अंगणात लोळून, नाक लाल करून आली आणि झोपली. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमाराला मला जाग आली ती शांततेने. हीटरचा पंखा बंद, फ्रिज बंद, राउटरचे दिवे बंद. नवरा म्हणाला, "येईल. झोप."

फोनवर वीज कंपनीचा मेसेज होता. पाळीपाळीने वीज बंद ठेवणार, साधारण चाळीस मिनिटं प्रत्येकी. म्हणजे लोडशेडिंगच की. नवऱ्याला तर हसूच आलं. त्याला अमेरिकेत येऊन अठरा वर्षं झाली आणि शेवटी हेच.

चाळीस मिनिटं झाली, दोन तास झाले, उजाडलं. वीज काही आली नाही.

नंतर कळलं ते असं. त्या रात्री विजेची मागणी ६९ हजार मेगावॉटच्या वर गेली होती, टेक्सासच्या हिवाळ्यातला तोवरचा विक्रम. आणि त्याच वेळी वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडत होती. गॅसच्या विहिरींची तोंडं गोठली, पाइपलाइनमधला दाब गेला, कोळशाच्या केंद्रांतली उपकरणं गोठली, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ चढला, एका अणुभट्टीला पाणी पुरवणाऱ्या पंपांच्या दाबमापकाची नळी गोठली म्हणून तीही बंद. गंमत म्हणावी की काय, पण भार कमी करायला जी वीज कापली त्यात गॅस ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरांचीही वीज गेली, म्हणून गॅस आणखी घटला, म्हणून वीज आणखी घटली. दुपारी पवनचक्क्यांच्या नावाने शंख करणारे राजकारणी रेडिओवर ऐकले. सगळ्यात मोठी तूट गॅसच्या वीजकेंद्रांची होती, पण ते सांगणं सोयीचं नव्हतं.

आमच्या नात्यातले एक काका महाराष्ट्राच्या भार प्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा तोल जिथून सांभाळतात तिथे, नोकरी करून निवृत्त झालेले आहेत. गावाकडच्या टीव्हीवर टेक्सास दिसल्यावर त्यांचा फोन आला. विचारपूस दोन वाक्यांत उरकली आणि मग थेट, "फ्रिक्वेन्सी कितीवर गेली होती?" मला काय ठाऊक. त्यांनीच नंतर अहवाल शोधून वाचला आणि मला समजावला. फ्रिक्वेन्सी म्हणजे ग्रिडचा ठोका. इथे तो साठ हर्ट्झचा, आपल्याकडे पन्नासचा. मागणी आणि पुरवठ्याचा तोल गेला की ठोका मंदावतो. त्या रात्री तो ५९.३पर्यंत उतरला आणि ५९.४च्या खाली चार मिनिटं तेवीस सेकंद राहिला. नऊ मिनिटं राहिला असता तर उरलेली वीजकेंद्रं स्वतःला वाचवायला आपोआप सुटली असती आणि अख्खं राज्य अंधारात गेलं असतं. ते पुन्हा उभं करायला आठवडे, कदाचित महिने लागले असते. ग्रिड चालवणाऱ्या एर्कॉटच्या कंट्रोल रूममधून वीस हजार मेगावॉटपर्यंतचा भार उतरवायला लावला म्हणून ते टळलं. "बटन दाबणाऱ्याला नावं ठेवू नका, त्याने राज्य वाचवलं," काका म्हणाले. काकांचा पेशा तोच, त्यामुळे ते असं म्हणणारच. पण त्यांचं म्हणणं मला पटलं. प्रश्न त्या रात्रीचा नव्हताच, आधीच्या दहा वर्षांचा होता. २०११च्या फेब्रुवारीत इथे अशीच थंडी येऊन अशीच वीज गेली होती आणि केंद्रं थंडीसाठी सज्ज करा अशी शिफारस तेव्हाच झाली होती. शिफारस होती, सक्ती नव्हती.

आणि दुसरं, शेजाऱ्याकडून उसनं आणायची सोय नाही. अमेरिकेत पूर्वेचं एक ग्रिड, पश्चिमेचं एक आणि टेक्सासचं आपलं वेगळं, दिल्लीचे (म्हणजे वॉशिंग्टनचे) नियम नकोत म्हणून. बाहेरून आणता येणारी वीज जेमतेम हजार-बाराशे मेगावॉट. टेक्सासमध्येच असलेलं एल पासो शहर पश्चिमेच्या ग्रिडला जोडलेलं आहे. तिथे तशीच थंडी असून दिवे बहुतेक चालू राहिले. काकांनी इथे अभिमानाने सांगितलं की आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ला सोलापूर-रायचूर लाइन जोडली गेली आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठोका आहे.

हे सगळं ज्ञान नंतरचं. सोमवारी सकाळी आम्हाला एवढंच दिसत होतं की समोरच्या ओळीतल्या घरांत दिवे आहेत आणि आमच्या ओळीत नाहीत. पाळी काही फिरत नव्हती. ज्या फीडरवर, म्हणजे वस्तीला वीज पोचवणाऱ्या लाइनवर, हॉस्पिटल, अग्निशमन केंद्र असतं तो बंद करता येत नाही. असे फीडर वगळून जे उरले तेवढे सगळेच बंद ठेवावे लागले, मग पाळी कुणाची कुणाशी लावणार? त्यात डाउनटाउनमधल्या रिकाम्या ऑफिसांच्या इमारती रात्रभर लखलखत होत्या, त्यांचे फोटो आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होते. त्याच ग्रुपवर कुणाकडे वीज आहे, कुणाकडे नाही याची यादी तयार झाली. "आमच्याकडे आहे, या" असं लिहिणाऱ्यांची संख्या चांगली होती. पण रस्ते काचेसारखे, मीठ टाकायच्या गाड्या शहराकडे नावापुरत्या, आणि त्यावर कोविड. वर्षभर कुणाच्या घरात पाऊल न टाकलेली माणसं आम्ही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

बैठकीतल्या सेलवरच्या घड्याळात तापमान दिसतं. सोमवारी सकाळी ५८ फॅरनहाइट, संध्याकाळी पन्नासच्या खाली, म्हणजे दहा अंश सेल्सिअसपेक्षा कमी. बाहेर त्या आठवड्यात पारा ७ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे उणे चौदा.

त्या दिवशी माघी गणेश जयंती होती. आईंचा तिळाच्या मोदकांचा बेत ठरलेला होता आणि बर्फाचं निमित्त करून देवाचा नैवेद्य चुकवणं त्यांच्या गणितात बसत नव्हतं. शेगडी गॅसची, पण पेटायला ठिणगी विजेची. देवघरातली काडेपेटी कामाला आली. काडी पेटवायची, बर्नरजवळ धरायची आणि मग बटन हळूच फिरवायचं. ओव्हन मात्र विजेशिवाय गॅसच सोडत नाही. मोदक तळून होईपर्यंत स्वयंपाकघर एवढं उबदार झालं की लेकीने तिथेच बस्तान मांडलं.

यावरून पहिला वाद झाला. आई म्हणाल्या, "चारही बर्नर लावून ठेवू की. आणि मागच्या अंगणात ती कोळशाची शेगडी आहे ना तुमची, ती आत घ्या. आमच्याकडे थंडीत घमेल्यात निखारे करून खोलीत ठेवायचे." त्यांचं चूक नव्हतं. त्यांचं घर कौलारू, दारांना बोटभर फटी, धूर आपला आपण निघून जायचा. आमचं घर मात्र एसीची हवा जराही वाया जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी हवाबंद केलेलं. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस पेंगतो आणि उठत नाही. आईंना हे पटवायला वेळ लागला. नवऱ्याने शेवटी सेलवर चालणारा अलार्म त्यांच्या हातात दिला, "हा वाजला तर सगळ्यांनी बाहेर बर्फात उभं राहायचं." ते त्यांना पटलं. बर्फात उभं राहायची त्यांची तयारी नव्हती. त्याच दोन दिवसांत ह्यूस्टनकडे बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून, घरात ग्रिल पेटवून माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या.

गाडीतून फोन चार्ज करायचे तर गाडी बाहेर काढायला हवी. गॅरेजचं दार विजेचं. त्याच्या मोटरजवळ छताला एक लाल दोरी लोंबकळत असते, मुठीएवढ्या दांडीची. इतकी वर्षं त्या दोरीला आम्ही फक्त डोकं आपटलं होतं. ती खाली ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. उचललं, तर खालची रबराची पट्टी जमिनीला गोठून चिकटलेली. नवऱ्याने उलथन्याने ती सुटी केली. पोळ्यांचं उलथनं, बरं का, त्याला अजून तो बाक आहे. गाडी ड्राइव्हवेवर पूर्ण बाहेर काढून, दार लावून घेऊन मगच इंजिन सुरू करायचं, हा नियम त्याने सगळ्यांना, लेकीलासुद्धा, पाठ करायला लावला. मग पाळीपाळीने गाडीत बसून ऊब घ्यायची, फोन चार्ज करायचे, रेडिओ ऐकायचा.

रात्रीसाठी एकच खोली ठरवली. दक्षिणेकडची, छोटी, एकच खिडकी असलेली. खिडकीवर खोक्यांचे पुठ्ठे चिकटपट्टीने लावले, दाराखाली टॉवेल कोंबले आणि खोलीच्या मधोमध कॅम्पिंगचा तंबू उभा केला. खाली योगा मॅट, त्यावर रजया आणि सगळ्यांवर आईंनी तासगावहून आणलेल्या दोन वाकळा. त्या इतक्या जड आहेत की विमानात सामानाच्या वजनावरून आमची भांडणं झाली होती. चौघं तंबूत शिरलो, चेन लावली आणि अर्ध्या तासात कानटोप्या काढाव्या लागल्या. खोलीत आणि तंबूत चांगला सात-आठ अंशांचा फरक पडायचा. लेकीला हे सगळं सहलीसारखंच वाटत होतं, आणि तिला तसं वाटतंय म्हणून आम्हीही तिच्यासमोर तसंच वागत होतो.

इन्सुलिनचा पेच वेगळाच होता. एरवी ते फ्रिजमध्ये ठेवायचं, उन्हाळ्यात वीज गेली तर काळजी की गरम होईल. इथे काळजी की गोठेल, आणि एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं. बंद फ्रिज आतून उबदार होता पण भरवसा वाटेना. शेवटी आईंनी ती पेनं रुमालात गुंडाळून कमरेच्या बटव्यात ठेवली आणि बटवा स्वेटरच्या आत. दूध, दही, भाज्या आम्ही खोक्यात घालून मागच्या ओट्यावर ठेवल्या. घरातला फ्रिज बंद आणि अंगणाचा फ्रिज झालेला.

मंगळवारी नळाची धार हळूहळू बारीक होत गेली आणि मग थांबली. शहरभर लोकांनी नळ चालू ठेवलेले, शेकडो घरांत नळ्या फुटून पाणी वाहत होतं, टाक्या भरेनात. "नळाला कोण पाठवतंय?" या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त फ्लॉवरपॉटवर ताटली झाकून आल्या.

धार थांबली तसं माळ्यावरचं पाणी नळीतच उभं राहिलं आणि गोठलं. दुपारी थोडं ऊन पडलं. लेक वरच्या बाथरूममधून आली आणि म्हणाली, "आई, भिंतीत कुणीतरी शूऽऽ म्हणतंय." मी गेले तेव्हा छताला ताटाएवढा करडा डाग होता, बघता बघता त्याला पोट आलं. दाब उरलेला नसतानाही एवढं पाणी.

पाणी बंद करायचा मुख्य वॉल्व्ह घराबाहेर, रस्त्याच्या कडेला मीटरच्या खड्ड्यात. तो खड्डा अर्धा फूट बर्फाखाली. समोर राहणारे आजोबा मूळचे पश्चिम टेक्सासचे, सत्तरीच्या पुढचे, आम्हाला फावडं घेऊन वेड्यासारखं खणताना बघून बाहेर आले. त्यांनी झाडापासून पावलं मोजली, बुटाच्या टाचेने ठोकलं आणि म्हणाले, इथे. झाकण गोठलेलं, त्यावर पातेलंभर उकळतं पाणी ओतलं, पान्ह्याने उचकटलं. आत चिखल, कोळ्याचं जाळं आणि पितळेचा वॉल्व्ह. त्याच्या डोक्यावरची पट्टी नळीच्या रेषेत असेल तर चालू, आडवी केली की बंद. पाव फेराच, पण तो फिरवायला दोघांना लोंबकळावं लागलं. मग आजोबांनीच पुढचं सांगितलं. आता घरातले सगळे नळ उघडा, सगळ्यात खालचा बाहेरचा नळही उघडा, नळ्यांत थेंब ठेवू नका. रिकामी नळी फुटत नाही. आणि गीझरचा गॅस बंद करा, पण त्यातलं पाणी सोडू नका, ती तुमची टाकी.

खरंच की. गॅरेजमधल्या त्या उभ्या गीझरमध्ये पन्नास गॅलन, म्हणजे जवळजवळ एकशे नव्वद लिटर पाणी बसलेलं होतं. बुडाशी छोटी तोटी असते, तिला पाइप लावला की पाणी येतं. सुरुवातीचं गढूळ, गंज मिसळलेलं. ते संडासात टाकायला वापरलं, नंतरचं उकळून पिण्याला. बर्फ वितळवून पाणी करायचा उद्योगही लेकीने केला. बादलीभर बर्फाचं खाली तळाला चार-पाच तांबे पाणी उरतं आणि त्यात पालापाचोळा. गॅस जाळून हे करण्यात अर्थ नाही. संडासासाठी मात्र बर्फाची बादली घरात आणून नुसती ठेवायची, वितळेल तेव्हा वितळेल.

छताला आलेलं पोट फुटण्याआधी फोडलं. स्क्रूड्रायव्हरने मधोमध भोक पाडायचं आणि खाली बादली धरायची. नाहीतर अख्खं प्लास्टरबोर्ड ओलं होऊन अंगावर येतं. ही आजोबांचीच युक्ती.

त्या संध्याकाळी आजोबा परत आले, मास्क लावून, दारापासून सहा फुटांवर उभे. त्यांच्याकडे वीज होती, शिवाय लाकडाची फायरप्लेस. म्हणाले, तुमच्या आईंना आमच्याकडे पाठवा, आम्ही दोघं बेडरूममध्ये राहू, त्या हॉलमध्ये. घरातलं तापमान तोवर ४१ फॅरनहाइटवर आलं होतं, पाच अंश. माझ्या मनात गणित सुरू झालं. एका बाजूला थंडी, मधुमेह, बधिर होणारी पावलं. दुसऱ्या बाजूला लशीचा एकच डोस आणि पलीकडे तितकंच वय झालेलं जोडपं. वर्षभर आम्ही किराणासुद्धा पुसून आत घेत होतो. आई म्हणाल्या, "मी नाही जायची. माझ्यामुळे त्यांना काही झालं तर?" शेवटी नवऱ्याने त्यांच्या पायांना हात लावून पाहिला आणि वाद संपवला, "आई, चला." रस्ता ओलांडायला चपलांवर नवऱ्याचे मोजे चढवले, बर्फावर पाय घसरत नाही तसे. दोन्हीकडून धरून नेलं. त्यांनी सोबत उरलेले मोदक आणि दोन वाकळांपैकी एक घेतली. आजींना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, आईंना मराठीशिवाय. दुसऱ्या दिवशी आणायला गेले तेव्हा दोघी एकमेकींना विणकामाचे टाके दाखवत होत्या, मास्क हनुवटीवर. मी काही बोलले नाही.

बुधवारी पुन्हा बर्फाचा पाऊस. शहराचा सगळ्यात मोठा जलशुद्धीकरण प्रकल्प वीज जाऊन थांबला आणि अख्ख्या ऑस्टिनला पाणी उकळून प्या असा आदेश निघाला. तो २३ तारखेपर्यंत होता. ज्यांच्याकडे विजेची शेगडी होती आणि वीज नव्हती, त्यांनी ते कशावर उकळायचं, हे आदेशात नव्हतं.

वीज बुधवारी रात्री उशिरा आली. मायक्रोवेव्हने टुंक केलं, तंबूबाहेरचा दिवा भस्सकन लागला, लेक उठून बसली. नवरा आधी धावला तो हीटर लावायला नाही, एकेक स्विच बंद करायला. लाइट आले की सगळं एकदम चालू होऊन फ्यूज उडायचा ही आमच्या पिढीची भीती. काका नंतर म्हणाले की बरोबरच केलं, गारठलेल्या हजारो घरांचे हीटर एकाच क्षणी सुरू झाले तर फीडर पुन्हा पडतो.

पाणी मात्र आम्हाला फार उशिरा मिळालं, कारण आमची नळी फुटलेली. प्लंबरना फोन लावला की दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख. जोडायचे फिटिंग शहरात कुठेच नव्हते. इथल्या बहुतेक नळ्या प्लास्टिकच्या असतात आणि त्यांना दाबून बसवायची पितळी कपलिंग मिळते, वेल्डिंग नको, गोंद नको. आमच्या मंडळातल्या एकांनी ओक्लाहोमाहून येणाऱ्या मित्राला सांगून मूठभर कपलिंगं आणवली आणि गरजेनुसार वाटली. नवऱ्याने माळ्यावर पालथं पडून फुटलेला वीतभर तुकडा कापला. त्यावरची चीर जेमतेम करंगळीच्या नखाएवढी होती. त्या नखाएवढ्या चिरेने एका खोलीचं छत, खालच्या खोलीची भिंत आणि जमीन खाल्ली.

विम्याचं प्रकरण लांबलं. नळी फुटून झालेलं नुकसान भरून मिळतं, नळीचा खर्च मिळत नाही. पहिली काही रक्कम आपली. तपासणारा माणूस आलाच नाही, व्हिडिओ कॉलवर मीच त्याला फोन घेऊन घर दाखवत फिरले. फोटो मात्र पहिल्या तासापासून काढलेले होते, फुटलेला तुकडा पिशवीत घालून ठेवला होता, त्याचा उपयोग झाला. ओलं प्लास्टरबोर्ड दोन फूट उंचीपर्यंत कापून काढलं, आतला भिजलेला कापूस गोण्या भरून टाकला, मोठे पंखे आणि हवेतली ओल शोषणारी यंत्रं रात्रंदिवस घोंघावत राहिली. थंडीचे दिवस निभावले ते घरातल्या माणसांनी, पण हे पुढचे महिने मला जास्त जड गेले. छत पूर्ण व्हायला उन्हाळा उजाडला.

डॅलसच्या एका मैत्रिणीचं दुःख उलटं. तिच्याकडे वीज एक मिनिटही गेली नाही, पण तिची योजना बाजारभावाने बिल लावणारी. त्या दिवसांत घाऊक दर मेगावॉट-तासाला नऊ हजार डॉलरवर नेऊन ठेवला होता, म्हणजे युनिटला नऊ डॉलर. एरवी आम्ही तेव्हा दहा-बारा सेंट द्यायचो. घर उबदार ठेवल्याचं तिचं बिल हजारोंत आलं.

टेक्सासचा मृतांचा सरकारी आकडा २४६. त्यातले निम्म्याहून जास्त निव्वळ थंडीने गेले, बरेच आपापल्या घरात. हा आकडा वाचला तेव्हा आईंची ती गार पडलेली पावलं मला आठवली आणि आजोबांच्या घरी पाठवावं की नाही यावर आम्ही घातलेला वेळही.

त्याच वर्षी जूनमध्ये वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज करण्याचा कायदा झाला. आम्हीही आमच्यापुरतं केलं. मीटरच्या झाकणाशेजारी लोखंडी गज रोवला, वॉल्व्हची किल्ली गॅरेजच्या खिळ्याला टांगली, माळ्यावरच्या नळ्यांना फोमचं आवरण घातलं, हीटरचा पंखा आणि फ्रिज चालेल एवढी बॅटरी घेतली. आई तोवर तासगावला परतल्या होत्या, वाकळा ठेवून गेल्या.

२०२३च्या जानेवारीच्या शेवटी बर्फाच्या पावसाने पुन्हा वीज गेली. या वेळी ग्रिड ठणठणीत होतं. फांद्यांवर बर्फाचा थर चढून झाडंच तारांवर कोसळत होती. रात्रभर बाहेर फटाके फुटल्यासारखे आवाज. आमच्याकडे बॅटरी होती, पाणी भरलेलं होतं, नळ्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या, तंबू तयार होता. आणि सकाळी समोरच्या लिव्ह ओकची फांदी आमच्या गाडीवर. विमा कंपनीच्या बाईने फोनवर विचारलं, "गाडी गॅरेजमध्ये का नव्हती?" फोन चार्ज करायला बाहेर काढली होती, मी म्हटलं.